एक नंबरचा चॅनेल

आसावरी चौबळ यांनी नोकरीत दोन देशांना गप्प बसवलं होतं. त्यामुळे दोन गावांना गप्प बसवणं हे त्यांच्या लेखी रविवारी दुपारच्या झोपेआधी उरकण्यासारखं काम होतं.

त्यांची सगळी नोकरी दिल्लीला, सरकारच्या बिनतारी लहरींच्या खात्यात झाली. हवेतल्या लहरींना सरहद्द कळत नाही. इकडच्या टॉवरची लहर तिकडच्या देशात शिरते, तिकडच्या रेडिओवरची गाणी इकडच्या पोलिसांच्या वायरलेसवर वाजायला लागतात. मग दोन्ही देशांचे अधिकारी लांबलचक टेबलाच्या दोन बाजूंना बसून कुणी कुठल्या लहरीवर बोलायचं ते वाटून घेतात. आसावरीबाई अशा टेबलांवर बसल्या होत्या. एकदा तर त्यांनी शेजारच्या देशाच्या शिष्टमंडळाला संध्याकाळपर्यंत जेवूच दिलं नव्हतं, असं त्या सांगत. कर्जतच्या ओळखीच्या घरांतून हळदीकुंकवाला ही गोष्ट इतक्यांदा झाली होती, की बायका वाण घेऊन घरी पोचल्या तरी ते शिष्टमंडळ बिचारं उपाशीच असायचं.

निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांचे यजमान यज्ञेशराव सावरपाड्याला बांधलेल्या घरात राहायला आले. यज्ञेशराव शाळेत गणित शिकवायचे. बायको दिल्लीला असताना त्यांनी कर्जतला एकट्यानं संसार सांभाळला होता, आणि कमी बोलून पुष्कळ काही साधतं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. घराच्या अंगणाला लागून ओढा. ओढ्याच्या अलीकडे सावरपाडा, तालुका कर्जत. पलीकडे उंबरकोंड, तालुका खालापूर. या दोन गावांचं पाण्यावरून, गुरांवरून, आणि काहीच नसलं तर कुणाच्या कोंबड्यानं आधी बांग दिली यावरून जमत नसे.

त्यातच दोन्ही गावांनी कर्जतच्या बाजारातून, एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे बिनतारी माइक आणले.

त्या रविवारी सावरपाड्याच्या सरपंच अंबाबाई यांच्या नम्रताचा साखरपुडा होता. मुलगा कळंबचा, स्वप्नील नावाचा, पनवेलला नोकरीला. मांडव भरलेला. गुरुजींनी मुहूर्ताला थोडा अवकाश आहे म्हणून माइक बंद करून ठेवला. त्याच वेळी ओढ्यापलीकडे उंबरकोंडच्या मैदानात क्रिकेटचे सामने चालले होते आणि कमळ्या समालोचन करत होता. कमळ्याचा घसा असा, की त्याला माइक देणं म्हणजे पुरात टँकर ओतण्यासारखं. तर इकडचा माइक बंद झाला, आणि मांडवातल्या भोंग्यातून खणखणीत आवाज आला.

"आणि आता येतोय स्वप्नील. दिसायला देखना, पर टिकत नाय. मागच्या दोनी टायमाला पयल्याच झटक्यात गेला व्हता. आज कोनाच्या भरवशावर आनलाय, देवाला म्हाईत."

नम्रताच्या मामांनी हातातली टोपी खाली ठेवली.

"पाव्हनं," ते मुलाकडच्यांना म्हणाले, "ह्ये दोनदा गेल्याचं काय परकरन हाय?"

"कुठं गेला? कोण गेला?" मुलाची आई आनंदीबाई उठून उभ्या राहिल्या. "माज्या पोराचं पयलंच जमतंय."

"मग गावाला कसं म्हाईत?"

तेवढ्यात भोंगा म्हणाला, "गेला. यावेळी बी गेला."

आनंदीबाई अपमान गिळणाऱ्यातल्या नव्हत्या. वरपक्षाच्या दोन्ही गाड्या जिलबी पानात तशीच टाकून कळंबच्या रस्त्याला लागल्या. नम्रता मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. आजूबाजूच्या बायका तिला धीर द्यायला सरकल्या, तर ती म्हणाली, "रडायला काय झालंय? मला मुलगा पसंत आहे. स्पीकर कुठं पसंत करायचाय?"

पलीकडेही काही आनंदीआनंद नव्हता. त्याआधी एकदा कमळ्या पाणी प्यायला माइक बंद करून बसला होता, आणि तेवढ्या वेळात सावरपाड्याचे गुरुजी उंबरकोंडच्या भोंग्यात शिरले. सीमारेषेवर पोशा उभा होता. वयानं मोठा म्हणून सगळी टीम त्याला मामा म्हणायची. चेंडू उंच उडाला, पोशा बरोबर त्याच्या खाली आला, आणि भोंगा म्हणाला, "मामा, असे मागं काय उभे राहिलात? पुढं या, पुढं." पोशा आज्ञाधारक माणूस. चार पावलं पुढं आला. चेंडू मागं पडला. उंबरकोंड तो सामना हरलं, पण आधीच्या गुणांवर नशिबानंच अंतिम सामन्यात पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबाबाई आसावरीबाईंच्या अंगणात हजर.

"ताई, कळंबवाल्यांच्या पाया पडून पुन्यांदा येत्या रविवारचा दिस घेतलाय. आन त्याच दिशी त्या मेल्यांची फायनल. भिवाजीला सांगितलं, तुजी फायनल म्होरं ढकल. तर म्हनतो, तुजी पोरगी म्होरं ढकल."

भिवाजी म्हणजे उंबरकोंडचा सरपंच आणि तिथल्या सामन्यांचा आयोजक.

आसावरीबाईंच्या चेहऱ्यावर तेज आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या विषयाचं काम घेऊन आलं होतं.

"अंबाबाई, कुणी काही पुढं ढकलायचं नाही. यात भुताटकी नाही की भिवाजीचा कावा नाही. तुमचे माइक एकाच लहरीवर आहेत. ज्याचा माइक बंद, त्याच्या घरात शेजारी शिरतो. लहरी वाटून घेतल्या की संपलं. रविवारी ओढ्यावरून एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही. हा माझा शब्द."

"शब्द नको देऊस," यज्ञेशराव वर्तमानपत्राआडून म्हणाले. "प्रयत्न करते म्हण."

"प्रयत्न तुमच्या शाळेत करत असतील," आसावरीबाई म्हणाल्या.

वाटाघाटी तिसऱ्याच्या भूमीवर व्हाव्यात असा नियम असल्याचं त्यांनी दोन्ही गावांना कळवलं. म्हणून बुधवारी सगळे पळसदरीला धरणाच्या काठी जमले. सावरपाड्यातून अंबाबाई, उंबरकोंडहून भिवाजी आणि कमळ्या. आसावरीबाईंनी मध्ये घडीचं टेबल मांडलं, त्यावर हिरवं कापड टाकलं. आधी कुणी बसायचं यावरूनच बराच वेळ गेला. शेवटी आसावरीबाईंनी एक-दोन-तीन म्हटलं आणि दोघं एकदम बसले.

"या माइकवर सोळा चॅनेल आहेत," त्या म्हणाल्या. "एक ते आठ सावरपाडा. नऊ ते सोळा उंबरकोंड. आहे काही अवघड?"

"एक नंबर त्यांना?" भिवाजी खुर्चीतून उठला. "आमी गेल्या साली चषक आनला. एक नंबर आमचाच."

"पोरगी माजी उजवायची हाय," अंबाबाई म्हणाल्या. "मी काय नवव्या नंबरावर उजवू?"

"अहो, हे नुसते आकडे आहेत. लहर सगळी सारखीच."

"मग त्यांना द्या की नऊ."

उलटसुलट करून पाहिलं. सम-विषम करून पाहिलं. विषममध्ये एक येतो हे कमळ्याच्या लगेच लक्षात आलं. ऊन डोक्यावर आलं, शेजारच्या कणीसवाल्याचा कोळसा विझला, पण एक नंबर सोडायला कुणी तयार होईना. अणुबाँब बाळगणारे देश या दोघांपेक्षा समजूतदार होते, असं आसावरीबाईंना मनापासून वाटलं. पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "एक नंबर कुणालाच नाही. तो राखीव. समुद्रातली जहाजंसुद्धा संकटासाठी एक लहर मोकळी ठेवतात. रविवारी एक नंबरचा माइक माझ्याकडे राहील. तुम्ही दोघांनी आपापल्या भोंग्याला तो चॅनेलही कायम जोडलेला ठेवायचा. काही गडबड झालीच, तर मी दोन्हीकडे एकदम सूचना देईन."

भिवाजीनं अंबाबाईंकडे पाहिलं. अंबाबाईंनी भिवाजीकडे पाहिलं. दुसऱ्याला मिळत नाही म्हटल्यावर दोघांचंही समाधान झालं.

परतताना यज्ञेशराव गाडी चालवत होते. पळसदरीचा चढ उतरल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांच्या लहरी वाटल्यास. तुझ्या लहरीवर कोण लक्ष ठेवणार?"

"पुढं बघून चालवा," आसावरीबाई म्हणाल्या.

रविवार उजाडला. आसावरीबाईंनी सकाळीच दोन्ही गावांत जाऊन स्वतःच्या हातानं चॅनेल लावले. मग स्वतः अंगणात, ओढ्याच्या काठावर खुर्ची टाकून बसल्या. इथून डावीकडे मांडव दिसत होता, उजवीकडे मैदान. पदराला छोटा माइक अडकवलेला. आता एक गोष्ट सांगायला हवी. आसावरीबाईंनी जन्मभर लहरींचं राजकारण केलं, पण पदराला लावायचा माइक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच लावला होता. दिल्लीत अशा गोष्टी दुसरं कुणीतरी लावून द्यायचं आणि काढून घ्यायचं. माइकला एकच बटण होतं आणि एकच दिवा. सकाळी तपासणीसाठी त्यांनी बटण दाबलं, "हॅलो, हॅलो" म्हटलं, दोन्हीकडून हात वर झाले. हात वर झाले, म्हणजे काम झालं. त्या खुर्चीत येऊन बसल्या. बटण पुन्हा दाबायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इतका वेळ बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते लपून राहिलं.

आणि खरोखरच सगळं सुरळीत चाललं. इकडे गुरुजी मंत्र म्हणत होते, तिकडे कमळ्या केकाटत होता, पण ज्याचा आवाज त्याच्याच भोंग्यात. आनंदीबाई आज पुन्हा पाटावर बसल्या होत्या. गुरुजींनी साखरेचा पुडा उचलायच्या आधी क्षणभर माइक बंद केला. भोंगा गप्प. आसावरीबाईंनी खुर्चीत पाठ टेकली.

"बघितलंत?" त्या यज्ञेशरावांना म्हणाल्या. "याला म्हणतात समन्वय. नाहीतर ही माणसं. त्या भिवाजीला माइक आणि मुसळ यातला फरक कळत नाही, पण एक नंबर पाहिजे. आणि गावच्याच खेळाडूंचा सामना म्हणे. सकाळी मी चॅनेल लावायला निघाले, तर तीन पोरं मोटारसायकलवरून आली, मला विचारतात, काकू, उंबरकोंड कुठं आलं? खोपोलीहून आलेत. उंबरकोंडकडून खेळायला आलेल्यांना उंबरकोंड सापडत नाही."

पलीकडच्या मैदानात फलंदाज पुढं येता येता थांबला. आसावरीबाईंना वाटलं, पाणी मागवलं असेल.

"आणि या अंबाबाई. कांदेपोहे काय, पसंती काय. ती नम्रता आणि तो स्वप्नील गेली दोन वर्षं कर्जत स्टेशनबाहेरच्या ज्यूसवाल्याकडे एका ग्लासात दोन नळ्या घालून पितात, मी माझ्या डोळ्यांनी बघते. आणि आज बसलेत दोघं अशी मान खाली घालून, जसं काही एकमेकांचं नावही ठाऊक नाही."

यज्ञेशराव उभे राहिले होते. दोन्ही हातांनी ते काहीतरी खुणा करत होते. पण त्याच क्षणी आसावरीबाईंच्या कानावर लांबून एका बाईचा आवाज आला. डावीकडून आला, आणि पाठोपाठ उजवीकडून आला.

"कोण हो ही?" त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "माझ्या समन्वयात कुणी तोंड घातलं? आवाज तरी काय, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. आणि किती आगाऊ."

"...आणि किती आगाऊ," डावीकडचा मांडव म्हणाला.

"...किती आगाऊ," उजवीकडचं मैदान म्हणालं.

आसावरीबाईंनी पदराकडे पाहिलं. दिवा हिरवा होता.

दुसरं कुणी असतं तर घरात पळालं असतं. आसावरीबाईंना पळावंसं वाटलं नाही असं नाही. गुडघे एकदा दारापर्यंतचं अंतर मोजून आले. पण दोन्ही काठांवर माणसं उभी राहून त्यांच्याकडेच पाहत होती, आणि पाठ दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्या उठल्या. पदर सरळ केला.

"हो. आसावरी चौबळ बोलतेय," त्या म्हणाल्या, आणि दोन तालुक्यांनी ते ऐकलं. "मला माहीत नव्हतं माइक चालू आहे. पण जे बोलले ते खरं आहे. एक शब्द मागे घेणार नाही. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं पुढं येऊन सांगावं."

मैदानावर कुणी पुढं आलं नाही. खोपोलीची तीन मोटारसायकलस्वार पोरं मात्र सावकाश मागं सरकायला लागली. समोरच्या संघाच्या कप्तानानं स्टंप उपटला आणि तो भिवाजीकडे निघाला.

मांडवात आणखी वेगळं चाललं होतं. नम्रताचे मामा उभे राहिले होते. अंबाबाईंचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. स्वप्नील पाटावरून अर्धा उठला होता आणि बसावं की उभं राहावं हे न ठरल्यानं तसाच वाकून होता. नम्रतानं हात पुढं केला आणि गुरुजींच्या हातातला माइक घेतला.

"काकू, एक चूक आहे," ती म्हणाली. माइक तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "दोन नाही, तीन वर्षं. आणि आई, मी तुला सांगणार होते, पण तू म्हणायचीस घरात प्रेमाबिमाचं नाव काढायचं नाही. म्हणून आम्ही त्याच्या मावशीकरवी रीतसर विचारायला लावलं. आता सगळ्यांना कळलंच आहे. मला ह्याच्याशीच लग्न करायचंय. साखरपुडा आज झाला तर बरं, नाहीतर जिलबी दुसऱ्यांदा वाया जाईल."

आनंदीबाई उठल्या. गेल्या रविवारी उठल्या होत्या तशाच. लोकांनी चपलांकडे पाहिलं. पण आनंदीबाई मामांकडे वळल्या.

"काय वो मामा? दोनदा मोडलं म्हनत व्हता ना माज्या पोराचं? आता आयकलं? तीन वरसं ही एकलीच हाय. आनखी दोन पोरी बघाया त्याला येळ कवा गावला?"

मामांचा हात टोपीकडे गेला.

"मग बसा खाली," आनंदीबाई म्हणाल्या. "गुरुजी, पुडा द्या हिकडं. मुहूर्त चाललाय."

साखरपुडा झाला. उंबरकोंडची फायनल मात्र झाली नाही. पंचांनी चषक समोरच्या संघाला देऊन टाकला. भिवाजी डोक्याला हात लावून बसला. पोशाला तेवढं हायसं वाटलं, कारण त्या दिवशी त्याच्याकडे एकही झेल आला नव्हता.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर आसावरीबाईंच्या दारात टेंपो येऊन थांबला. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी भिवाजी, आणि भिवाजीच्या शेजारी अंबाबाई. ही दोन माणसं एका सीटवर बसलेली कुणी पाहिली नव्हती. मागं दोन्ही गावची माणसं उभी.

"आले," आसावरीबाई म्हणाल्या. माइक त्यांनी केव्हाच काढून, कपड्यात गुंडाळून, कपाटात कुलूपबंद केला होता. "माफी मागायला लावणार. मी नाही मागणार. अंगणात उभं राहून सांगते."

"चहा टाकू का?" यज्ञेशरावांनी विचारलं.

"आधी वाद, मग चहा."

त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बोला. पण एक लक्षात ठेवा, चॅनेल वाटण्यात माझी चूक नव्हती. तुमचा आवाज तिकडं गेला नाही, त्यांचा इकडं आला नाही. मी दिलेला शब्द पाळला."

"पाळला की," अंबाबाई म्हणाल्या. "पर तुमचा शब्द दोनीकडं आला, त्याचं काय? पोरीनं फसीवलं त्ये फसीवलं, पर मला कळायच्या आदी उंबरकोंडाला कळलं, ह्ये मनाला लई लागलं, ताई."

"आमाला तर तुमी खोपोलीसकट उघडं पाडलं," भिवाजी म्हणाला.

"मी नाही, तुमच्या पोरांनी मला पत्ता विचारला."

भिवाजीनं हात झटकला. "त्ये जाऊ द्या. आमी भांडाया नाय आलो. दोनी गावं पयल्यांदा एका जागी बसली. सगळ्यांच्या मतानं ठराव केला."

आसावरीबाई सावध झाल्या. इतक्या वर्षांत सगळ्यांच्या मतानं झालेला ठराव त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. "कसला ठराव?"

"बिनतारी माइक परत दुकानात. दोनी गावांत मिळून एकच साउंड घ्यायचा, भोंगं दोनी गावांत. आज त्यांचा कार्यक्रम, उंद्या आमचा. आन माइक वायरीचा."

"वायरीचा?"

"व्हय. वायरीत शेजारी शिरत नाय."

हवेतल्या लहरींवर आसावरीबाई कितीही वेळ बोलू शकल्या असत्या, पण वायरीपुढं त्यांचं सगळं शास्त्र गप्प झालं. मग एकाएकी त्यांचे डोळे चमकले. सरहद्दीचा प्रश्न त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वायर ओढ्यापलीकडून अलीकडं येणार. म्हणजे एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात. कुणाच्या हद्दीतून नेणार, हे ठरवलंत? नाही ना? मग या आत. टेबल मांडते. सगळं पहिल्यापासून बसून ठरवावं लागेल."

"ठरलं की त्ये बी," अंबाबाई आणि भिवाजी एकदम म्हणाले. आणि एकदम बोललो म्हणून दोघंही जरा लाजले.

"कुठून?"

"तुमच्या अंगनातनं," भिवाजी म्हणाला. "ह्योच काठ सगळ्यात जवळ पडतो. तेवडी ती तुळस जरा बाजूला घ्या."

आसावरीबाई पायरी उतरल्या. हरकत घ्यायला काहीतरी मुद्दा हवा होता. त्यांनी यज्ञेशरावांकडे वळून पाहिलं. ते अंगणात वाकले होते, आणि कमळ्यानं दुसऱ्या बाजूनं हात लावला होता. तुळस हलली होती.